इस्त्री कोणी चालू ठेवली

४ नोव्हेंबर, मंगळवार

मावशीकडे येऊन पडलो. बोटींना रंग द्यायचं काम संपलं, म्हणजे संपायच्या आधीच मुकादमाशी माझं वाजलं. चूक त्याची होती, ते सविस्तर नंतर लिहीन. समोर जी बस उभी होती तिच्यात चढलो आणि ती इकडे येत होती, एवढंच. दोन दिवसांत निघेन.

मावशी आईची थोरली बहीण. काका गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत एकटी राहते. पुढच्या खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कपड्यांचे ढीग. चेन बदलणं, कंबर सैल करणं, पडदे शिवणं, शिवाय एका गणवेशाच्या दुकानाचं काम. दार उघडून म्हणाली, "आली का भिंगरी! जेवलास?" जेवलो म्हटलं तरी वाढलं. जेवून हात धुतले तर पुन्हा, "जेवलास का रे?" असं विचारणारं माणूस जगात दुसरं नाही.

पण आज वही काढली ती वेगळ्याच कारणानं. डोकं फिरलंय माझं.

घरात जिकडे तिकडे पांढरे ठोकळे. भिंतीच्या सॉकेटमध्ये ठोकळा, ठोकळ्यात वायर. मशीनला एक, इस्त्रीला एक, हीटरला एक, पलंगाशेजारच्या दिव्याला एक. स्मार्ट प्लग म्हणे. दादानं, म्हणजे मावशीच्या मुलानं, मागच्या खेपेला येऊन बसवले. तो राहतो विमानानं जावं लागेल इतक्या लांब, आणि तिथून फोनवर बोट ठेवून इथला दिवा लावतो, इथला दिवा विझवतो. कुठली वस्तू कधी चालू झाली, किती वेळ चालली, सगळं त्याला तिथे दिसतं.

दुपारी मावशी पडद्याला टीप मारत होती. ठोकळा 'टक्' वाजला आणि मशीन मेलं. सुई कापडात रुतलेली, टीप अर्धी.

"वीज गेली?"

"नाही रे. दुपार झाली. दादानं तसं लावून ठेवलंय, मी जरा पडावं म्हणून."

"आणि ही टीप?"

मावशीनं मशीनचं चाक हातानं फिरवलं, टाका टाका करत उरलेली टीप पुरी केली, दोरा तोडला आणि खरंच जाऊन आडवी झाली! मी बघतच राहिलो. जिच्या मशीनवर त्या दादाचं शिक्षण झालं, ते मशीन आता दादा बंद करणार? तिला शाळेतल्या पोरासारखी घंटा?

दोन दिवस म्हणालो होतो. आता बघू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोजे धुतले होते, वाळेनात. इस्त्रीनं वाळवायला घेतले. एक मोजा झाला तेवढ्यात खिडकीतून दिसलं, समोरच्या नव्या इमारतीवर क्रेननं भलीमोठी काच चढवताहेत. काचेत आभाळ हलत होतं. खाली गेलो. क्रेनवाल्याशी ओळख झाली, त्यानं वर केबिनपर्यंत नेलं. त्याला वर बसून एकट्याला करमत नाही, पण तो रेडिओ लावत नाही, स्वतःशीच भांडतो. मला पटलं. असं काम मला जमेल का, विचारलं. म्हणाला, आधी एका जागी बसून दाखव.

परत आलो तर मावशी फोनवर. फोन स्पीकरवर होता. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"आई, अगं इस्त्री किती वेळ चालू होती माहितेय? कामात होतो म्हणून माझं आत्ता लक्ष गेलं. इथून बंद केली मी."

"राहिली असेल रे."

"राहिली असेल म्हणजे? तू कुठे होतीस?"

"होते की इथेच. खाली गेले होते जरा. दोरा आणायला."

"इथेच की खाली?"

मला बोलायचं होतं, मावशीनं डोळे वटारले. फोन ठेवल्यावर माझा बांध फुटला. "शिवणकाम करणाऱ्या बाईची इस्त्री चालू राहणार नाही तर कोणाची राहणार? त्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद करतो का कोणी लांबून? आणि मी आलोय हे सांगायची चोरी का?"

"त्याला तुझं राहणं आवडत नाही. मागल्या वेळी तू आठ दिवसांचे चार महिने केलेस."

"घर तुझं की त्याचं?"

"तू जेवलास का?" मावशी म्हणाली.

विषय असा बदलते.

दुसरा मोजा अजून सापडलेला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी थंडी होती. आम्ही पांघरुणात असतानाच हीटरचा ठोकळा वाजला आणि जाळी लाल व्हायला लागली. मावशी डोळे मिटूनच हसली. "लावला बघ त्यानं. उठला वाटतं."

हसते कसली? मला इतका संताप आला की उठून पलंगाजवळच्या दिव्याचा ठोकळा उपटला आणि दिव्याची वायर थेट भिंतीत खुपसली. लगेच फोन.

"आई, दिवा ऑफलाइन दाखवतोय. काय झालं? बरी आहेस ना?"

दिवा विझला तर आई बरी आहे का! असला प्रश्न. मावशीनं माझ्या हातातून ठोकळा घेतला आणि होता तिथे परत लावला. माझ्याकडे बघून पुटपुटली, "तुला काय कळतंय."

काय कळायचंय त्यात? पाळत ती पाळत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बूट ओले म्हणून हीटरसमोर टेकवले. खाली रस्त्यावरून एक माणूस पाठीला आरसा बांधून सायकलवर चालला होता. कपाटाचा असतो तसा आरसा. त्यात सगळा रस्ता मागे मागे पळताना दिसत होता, एका बाईनं तर त्यात बघून चालता चालता केस नीट केले. मी मावशीच्या सपाता घालून त्याच्यामागे थेट पुलापर्यंत गेलो. आरसा पोचला की नाही ते बघायला हवं होतं, पण पुलावर एक जण पतंगाएवढी जाळी टाकून काय पकडत होता कोण जाणे, तिथे थांबलो.

घरी आलो तर तोच तमाशा. "आई, खोलीत कोणी नसताना हीटर चालू!" आणि मावशी गरिबासारखी "हो रे, हो रे" करतेय. ती बाजारात गेली होती! बाजारात जायचीही चोरी आता. तिच्या पायालाच एक ठोकळा लाव म्हणावं.

बूट मात्र छान वाळले होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गणवेशाच्या दुकानाची मालकीणबाई आली. हातात दोन कोट. हॉटेलातल्या वाढप्यांचे असतात तसे, सोनेरी पट्टीवाले. टेबलावर पसरून म्हणाली, "बघा ताई, दोन्ही बाह्या डाव्या. या कोटालाही आणि त्यालाही."

मावशीनं कोट उलटला, सुलटला. मग अगदी हळू म्हणाली, "असं कसं झालं?"

"कसं झालं ते मी सांगतो," मी मध्ये पडलो. "टीप मारता मारता मशीन बंद पडतं इथे. रोज! लक्ष राहील का माणसाचं? तुम्ही उद्या भाकऱ्या थापताना, नाही, पोळ्या..., नाही, तुम्ही गल्ल्यावर बसलेल्या असताना कोणी गल्ल्याला कुलूप लावून पळालं तर?"

"हे कोण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझा दादा," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "बहिणीचा मुलगा. भिंगरी."

बाई वाईट नव्हती. म्हणाली, तुमच्यासारखी कॉलर कोणी बसवत नाही ताई, म्हणून तर येते. उसवून परत करून द्या. या वर्षाचे सगळे कोट तुमच्याकडेच.

ती गेल्यावर मावशी उसवत बसली. मी सगळे ठोकळे एका पिशवीत भरून नदीत टाकायची परवानगी मागितली. मिळाली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादा येत्या शनिवारी येतोय. "आई, इस्त्री परवा पुन्हा राहिली होती आणि कालही. आता बोलायला हवं." त्यानं त्याच्या घरी तिच्यासाठी खोली तयार केलीय. मशीन तिथे ठेवायला जागा नाही, असंही म्हणाला. सहज सांगावं तसं!

मावशी दिवसभर गप्प. मी दिवसभर बोलत होतो. निघायचा विचार होता, रद्द. तिच्या बाजूनं कोणी उभं राहायला नको?

२२ नोव्हेंबर, शनिवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

दादा आला. बारीक झालाय. मी दार उघडलं तर बॅग हातातच ठेवून म्हणाला, "तू कधी उगवलास?" मी काही बोलायच्या आत मावशीनं पाणी आणलं.

जेवणं झाल्यावर त्यानं फोन काढला. इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, आम्हाला दिसेल असा. रेघा होत्या, लाल, उंच-बुटक्या. "आई, मी ओरडायला आलेलो नाही. फक्त बघ. सहा तारीख. इस्त्री, दुपारभर."

सहा तारीख. मी म्हणायला तोंड उघडलं की शिवणाऱ्या बाईची इस्त्री... आणि मोजा आठवला. एकच मोजा. काचेतलं आभाळ.

"अकरा तारीख. हीटर."

आरसा! बूट!

माझे कान गरम झाले. मी उभा राहिलो. "दादा, थांब. ती नाही. ते मी होतो. मोजे वाळवत होतो. आणि हीटरपुढे माझे बूट होते. मी महिन्याच्या सुरुवातीपासून इथेच आहे."

दादानं फोनवरचं बोट पुढे सरकवलं. "बरं. तेरा? चौदा? पंधरा? पुन्हा इस्त्री."

ते मला आठवेना. तेरा तारखेला मी बहुतेक क्रेनवर होतो. पण मी म्हटलं, "तेही मीच. मीच असणार. दुसरं आहे कोण इथे?"

"सात जणांचं पाप अंगावर घेणारा साधू झालास की तू," दादा म्हणाला. "आई, हा केव्हा आला?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून, हिशेब केल्यासारखं. मग हसली. "परवाच तर आलास ना रे?"

दादानं मान खाली घातली. "ऐकलंस? तिला वाचवायला खोटं बोलतोयस, समजतं मला. पण असं नको करूस. यानं तिचं भलं होत नाही."

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा अगदी शंभर टक्के खरं बोललो, आणि ते खोटं ठरलं! मावशीवरही चिडलो. मला दादाची बोलणी बसू नयेत म्हणून स्वतःचं घर पणाला लावते? इतकं कोणी मायाळू असतं का?

"तिथून तू बंद करतोसच ना सगळं?" मी म्हटलं. "मग जळणार काय?"

"विजेच्या शेगडीला तो प्लग नाही," दादा म्हणाला. "तेवढा भार झेलणारा मिळत नाही. आणि मी झोपतो कधीतरी. मलाही झोप लागते रे." तो उठून गॅलरीत गेला.

मग मावशी मशीनवर हात ठेवून म्हणाली, "वर्षाचे कोट घेतलेत मी अंगावर. ते झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुला काय रेघा बघायच्यात त्या बघ."

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. कोट होईपर्यंत ती इथेच. तोवर एकदाही काही चालू राहिलं नाही, तर दादा पुन्हा न्यायचं नाव काढणार नाही. राहिलं, तर तो येईल आणि घेऊन जाईल, कोट अर्धे असले तरी. मालकीणबाई येऊनजाऊन चौकशी करतील. आणि मी निघायचं.

"मी का?"

"कारण तू असलास की तिला एक काम जास्त," दादा म्हणाला.

हे मात्र मी मनातल्या मनात मान्य केलं. मी गेलो की रेघा आपोआप नाहीशा होतील, आणि मग साहेबांचं तोंड बघण्यासारखं होईल!

२४ नोव्हेंबर, सोमवार

दादा काल गेला, मी आज. मावशीनं डबा दिला. दारात विचारलं, "संध्याकाळी येशील ना?" मी म्हटलं, येईन की लवकरच. रडू येईल म्हणून मागे बघितलं नाही.

बसला दीड-दोन तास लागतील एवढ्या अंतरावरच्या गावात गाड्या धुवायच्या दुकानात चिकटलोय. पाण्याचा मोठा फवारा असतो, चिखल सोलपटासारखा निघतो. फार मजा.

८ डिसेंबर, सोमवार

दादाला फोन केला, मुद्दाम. "काय म्हणतात रेघा?"

"ठीक आहे सगळं," तो म्हणाला. जिवावर आलं होतं म्हणताना, मला ऐकू आलं. "रोज सकाळी मी हीटर लावतो, ती उठून बंद करते. म्हणजे उठली हे कळतं."

"मग? मी सांगत होतो ना?"

"हो, सांगत होतास." मग, "खरंच तू होतास का रे त्या वेळी?"

"मोजे दाखवू का आणून?"

तो हसला. त्याला हसता येतं हे मी विसरलो होतो. मी दुपारभर ट्रक धुताना गात होतो. मालक म्हणाला, गा पण पाणी गाडीवर मार.

१४ डिसेंबर, रविवार

बसमध्ये लिहितोय. धक्के बसताहेत.

एका व्हॅनला साबण लावत होतो. फोन वाजला. दादा.

"कुठे आहेस?"

"का?"

"इस्त्री कधीची चालू आहे. मी बंद केली. आई फोन उचलत नाही. मालकीणबाईंचं दुकान आज बंद. तू..." तो श्वास घ्यायला थांबला. "तू तिथे आहेस का? तू गेला होतास का तिच्याकडे? खरं सांग."

माझ्या एका हातात स्पंज होता. व्हॅनच्या काचेवरून फेस खाली उतरत होता. मी तिथे नव्हतो. दोन-तीन आठवडे मी तिथे पाऊलही टाकलेलं नव्हतं. मोजा नव्हता, बूट नव्हते, काही नव्हतं. हे माझ्या डोक्यात शिरायला एवढासा वेळ लागला.

तेरा तारीख. चौदा. क्रेनवर होतो मी.

"हो," मी म्हटलं. "इथेच आहे. शर्टाला इस्त्री करत होतो. विसरलो."

"आई कुठेय?"

"खाली गेलीय. दोरा आणायला. फोन इथेच ठेवून गेलीय."

आणि मग दादा सुटला! नालायक, बेअक्कल, उनाड, घर पेटवशील, तुला सांगितलं होतं ना तिथे फिरकू नकोस, लाज आहे का. मी ऐकत होतो. एकेक शिवी आधीच्यापेक्षा मोकळी येत होती. शेवटी तर तो जवळजवळ रडत होता, आणि म्हणत होता, "गाढवा, तू आहेस तर. तू आहेस होय."

खरं सांगितलं तेव्हा ढुंकून बघितलं नाही. थाप मारली ती जशीच्या तशी गिळली. असल्या माणसाच्या हातात एवढं यंत्र! आणि यंत्र तरी काय दिव्य? इस्त्री चालू आहे एवढं लांबवर कळवतं, कोणाच्या हातानं ते नाही. मी धावत स्टँडवर आलो. हातमोजे हातातच राहिलेत, साबणाचे.

देवा, ती फक्त खाली गेलेली असू दे. शेगडीला प्लग नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

शेगडी बंद होती. आधी ते लिहितो.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी मशीनवर बसली होती. मशीन थांबलेलं, दुपारचं. चाक हातानं फिरवत ती कोटाला बाही लावत होती. फोन पलंगावर उशीखाली वाजून वाजून थकलेला. इस्त्रीखालच्या कापडावर तपकिरी डाग, खोलीभर वास. खिडकी मीच उघडली.

"आलास? कुठे होतास इतका वेळ?" ती म्हणाली. "चहा निवला बघ."

दोन कप होते. दोन्हींवर साय धरलेली. मी किती दिवसांनी आलो हे तिला सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

"इथेच होतो," मी म्हटलं. "जिन्यात."

थंड चहा प्यायलो. मग कोट हातात घेऊन बघितला. बाही उजवी होती, बरोबर. दुसरी तिनं काढून ठेवलेली होती, तीही उजवी. मी काही न बोलता ढिगातून डावी शोधून तिच्यापुढे ठेवली. तिनं ती घेतली, लावून बघितली आणि मान डोलावली.

संध्याकाळी दादाचा फोन. मावशीशी गोड बोलला. मग माझ्याकडे मागितला.

"मी इथे राहतोय," मीच आधी म्हटलं. "कोट होईपर्यंत. नंतरही. तुला हवं तेवढं ओरड."

"गाडी धुवायचं काम?"

"सोडलं."

"तुझं काही खरं नाही," तो म्हणाला. वाट बघत होता, मी भांडेन म्हणून. नाही भांडलो. शेवटी तोच हळू म्हणाला, "आणि पुन्हा इस्त्री चालू राहिली तर?"

"तर मी ठेवली. हीटर राहिला तर मी. दिवा राहिला तरी मीच. दर वेळी मलाच फोन कर. तिला नाही करायचा, समजलं?"

त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. कळलं असेल तर त्यानं तसं दाखवलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याला पहिल्यांदाच चांगलं म्हणतोय.

"बरं," दादा म्हणाला. "गाढव आहेस तू."

आत्ता मावशी कोटाला इस्त्री करतेय. खाली रस्त्यावर कसलीतरी मिरवणुकीसारखी गर्दी जमलीय, कोणीतरी मोठ्यानं भांडतंय आणि लोक हसताहेत. काय आहे ते मला दिसत नाही. मी इस्त्रीशेजारी स्टूल ओढून बसलोय.